आमच्याकडे चालतो, आजोबांकडे का नाही?

वेरिबीतल्या मराठी घरांतून आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांची जात अलीकडे बदलली आहे. पूर्वी विचारणा व्हायची ती शाळा कुठली चांगली, ताजी मेथी कुठे मिळते, चतुर्थी इथल्या तारखेने कधी धरायची, अशी. आता फोन येतो तो असा : "अहो, जरा आमच्या चिरंजीवांशी बोलता का? त्याने कॉम्प्युटरवर गेम केलाय. इथं अगदी झकास चालतो. सांगलीला बाबांना पाठवला तर उघडतच नाही. परवापासून रुसून बसलाय."

मग चिरंजीव फोनवर येतात आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत एकच पालुपद लावतात, "पण काका, माझ्या मशीनवर चालतो ना!"

हे वाक्य संगणकाच्या धंद्यात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे. ते खोटंही नसतं. मुलाच्या मशीनवर खेळ खरोखरच चालत असतो. घोळ असतो तो खेळ आणि आजोबा यांच्या मधल्या एका टप्प्यात, आणि बहुतेक वेळा तो एका फोल्डरात सापडतो. खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बिल्ड' हे बटण दाबलं की तयार माल ज्या जागी येऊन पडतो, तो हा आउटपुट फोल्डर. खेळ कसा करावा हे शिकवणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात. या फोल्डराविषयी मात्र कुणी धड बोलत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. ज्यांच्या घरी असं पोर नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण निम्मी दुखणी नेहमीच्या कॉम्प्युटरचीच आहेत.

आपण ज्या शहराच्या कडेला राहतो त्याचं आणि या धंद्याचं नातं जुनं आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९८० साली मेलबर्नमध्ये 'बीम सॉफ्टवेअर' ही कंपनी निघाली आणि १९८२ मध्ये तिचा 'द हॉबिट' हा खेळ आला. वेरोनिका मेग्लर आणि फिलिप मिचेल ही तो लिहिणारी मुख्य दोघं. सगळा खेळ एका कॅसेटवर मावायचा, आणि खोक्यात सोबत टॉल्किनचं पुस्तकही असायचं. आउटपुट फोल्डर ही भानगडच नव्हती. आउटपुट म्हणजे ती कॅसेट! टेपरेकॉर्डरला लावायची, किर्र आवाज ऐकत बसायचं, चालली तर चालली. पुढे याच व्हिक्टोरियातल्या मंडळींनी 'क्रॉसी रोड' (२०१४), हाउस हाउसचा तो खोडकर हंसाचा 'अनटायटल्ड गूज गेम' (२०१९), 'कल्ट ऑफ द लँब' (२०२२) असे जगभर गाजलेले खेळ केले. हे तिन्ही 'युनिटी' या सॉफ्टवेअरमध्ये झालेले आहेत, आणि तेच सॉफ्टवेअर आज टार्नीट नाहीतर पॉइंट कुकच्या एखाद्या घरात आठवीतल्या मुलीच्या लॅपटॉपवरही असतं. दुसरं नाव कानावर येतं ते 'गोडो'. हे २०१४ पासून सर्वांना खुलं आणि फुकट आहे. युनिटीने २०२३ च्या सप्टेंबरात इन्स्टॉलमागे पैसे लावायची टूम काढली (वर्षभराने ती मागेही घेतली), तेव्हा पुष्कळ जण गोडोकडे वळले. आम्ही पुढे या दोघांविषयीच बोलणार आहोत.

स्वयंपाकघर आणि डबा

खेळाचा प्रकल्प ज्या फोल्डरात आहे तो उघडून पाहा. आत तीन जातींच्या वस्तू असतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या की अर्धी लढाई जिंकली.

पहिली जात म्हणजे कच्चा माल. युनिटीत हा 'ॲसेट्स' नावाच्या फोल्डरात असतो : चित्रं, आवाज, मुलाने लिहिलेला कोड, खेळातले देखावे. त्याच्या जोडीला 'पॅकेजेस' आणि 'प्रोजेक्ट-सेटिंग्ज' हे आणखी दोन. हे तिन्ही गेले की खेळ गेला. दुसरी जात म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतःच्या सोयीसाठी करून ठेवलेली अर्धवट तयारी, आपल्या भाषेत चिरून-वाटून ठेवलेलं. युनिटीत 'लायब्ररी' आणि 'टेम्प', गोडोत '.गोडो' नावाचा लपलेला फोल्डर. ही तयारी कच्च्या मालावरून पुन्हा केव्हाही करता येते. तिसरी जात म्हणजे तयार माल, म्हणजे आपला आउटपुट फोल्डर. हा डबा. दुसऱ्याच्या घरी जातो तो फक्त हाच.

आता गंमत अशी की आकाराने सगळ्यांत अवाढव्य असते ती मधली जात. 'लायब्ररी' बघता बघता कित्येक गिगाबाइटची होते. लॅपटॉपची डिस्क भरते, आणि मग कुणीतरी, बहुधा बाबाच, साफसफाईला बसतात. नेमकं काय पुसायचं हे माहीत नसतं. 'लायब्ररी' हे नाव पुस्तकांचं, म्हणून ती पवित्र वाटते; 'ॲसेट्स'मध्ये काहीतरी जुनी चित्रं दिसतात, म्हणून ती पुसली जातात. व्हायला हवं बरोबर उलट. सॉफ्टवेअर बंद करून 'लायब्ररी' खुशाल पुसावी. पुढच्या वेळी प्रकल्प उघडायला बराच वेळ लागेल, चहा करून घ्यावा, पण काही हरवणार नाही. उलट खेळ विचित्र वागू लागला, बिल्ड कारणावाचून अडू लागला, की ही जुनी तयारी पुसून पुन्हा करायला लावणं हा पहिला उपाय. वाटण शिळं झालं असेल तर नवं वाटावं, इतकंच.

आपल्या वेरिबीकरांना हे समजायला जड जाऊ नये. १८९७ पासून मेलबर्न शहराचं सांडपाणी आपल्याच उंबऱ्याशी येतं, आणि आजही निम्म्या शहराचं इथेच शुद्ध होतं. वेरिबी म्हटलं की जुने मेलबर्नकर उगाच नाकाला रुमाल लावतात. पण कुठलंही मोठं काम म्हटलं की मधला माल ठेवायला जागा लागतेच. ती जागा कुठली, एवढं घरच्यांना माहीत हवं.

'ॲसेट्स'मध्ये आणखी एक गोष्ट नवख्यांना खुपते. प्रत्येक फाइलच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी 'मेटा' लागलेली एक चिटुकली फाइल असते. कचरा वाटतो. तो नव्हे. प्रत्येक वस्तूचा ओळख-क्रमांक त्या चिठ्ठीत असतो आणि खेळातले देखावे वस्तूंना नावाने नव्हे, या क्रमांकाने ओळखतात. चिठ्ठ्या पुसल्या तर सॉफ्टवेअर नवे क्रमांक देतं आणि जुन्या देखाव्यांतून चित्रं गळून पडतात. म्हणजे घरातली सगळी माणसं जागेवर, पण रेशनकार्डावर कुणाचंच नाव नाही!

डबा ठेवायचा कुठे? प्रकल्पाच्या फोल्डरात ठेवायचाच असेल तर 'ॲसेट्स'च्या बाहेर, त्याच्या शेजारी. गोडोत तर प्रकल्पाच्या पोटात जे जे असेल ते सॉफ्टवेअर आपलंच समजतं, तयार मालातली चित्रंसुद्धा पुन्हा आत ओढून घेतं. ते टाळायला त्या फोल्डरात 'जीडीइग्नोर' नावाची, आधी टिंब असलेली, रिकामी फाइल ठेवतात. त्याहून सोपं म्हणजे तयार माल प्रकल्पाच्या पूर्णच बाहेर काढावा.

एकटं झाकण पाठवू नये

फोनवर येणाऱ्या दहातल्या निम्म्या तक्रारी इथे मिटतात. युनिटीने विंडोजसाठी बिल्ड केला की फोल्डरात एक खेळाच्या नावाची 'ईएक्सई' फाइल दिसते. मुलं म्हणतात, हाच आपला गेम, आणि तेवढीच उचलून पाठवतात. ती गेम नव्हे, ती डब्याचं झाकण आहे! खरा जिन्नस शेजारच्या, शेवटी 'डेटा' लागलेल्या फोल्डरात असतो. शिवाय 'युनिटीप्लेयर' नावाची 'डीएलएल' फाइल लागते, आणि बहुतेक वेळा 'मोनो'ने सुरू होणारा आणखी एक फोल्डर. झाकण एकटं पोचलं की आजोबांच्या पडद्यावर इंग्रजीत तक्रार उमटते की माझ्या शेजारी डेटा-फोल्डर असायला हवा होता. गोडोचंही तसंच. तिथे 'ईएक्सई'च्या जोडीला त्याच नावाची 'पीसीके' फाइल असते, आणि एकीचं नाव बदललं की दुसरीशी नातं तुटतं. 'गणपती-गेम' असं देखणं नाव द्यायचं तर दोघींना सारखंच द्यावं, किंवा बिल्ड करतानाच 'पीसीके' आतच बसवण्याची खूण करावी, म्हणजे एकच फाइल होते.

म्हणून सबंध फोल्डरची झिप करून पाठवायची. पण तिथेही एक खड्डा आहे. विंडोज झिपला साध्या फोल्डरासारखं उघडून दाखवतं. आजोबा आत जातात, 'ईएक्सई'वर दोनदा टिचकी मारतात, आणि विंडोज तेवढीच फाइल एका तात्पुरत्या जागी काढून चालवू बघतं. म्हणजे पुन्हा एकटं झाकण! "आबा, आधी त्या झिपवर उजवी टिचकी मारा, 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' म्हणा, मग जो नवा फोल्डर येईल तो उघडा," हे फोनवर सावकाश सांगावं लागतं. चिठ्ठी लिहून झिपमध्येच घातली, नि ती मराठीत लिहिली, तर उत्तमच.

आणि डब्यात जाऊ नये असंही काही त्या फोल्डरात पडलेलं असतं. युनिटी कधी कधी नावात 'बर्स्ट-डिबग' किंवा 'बॅकअप धिस फोल्डर' असे शब्द असलेले फोल्डर करतं, आणि नावातच इंग्रजीत लिहून ठेवतं, 'खेळाबरोबर पाठवू नका'. इतकं ढळढळीत लिहूनही ते जातातच. खेळ बिघडत नाही, पण पाठवायचं ओझं वाढतं. दुसरा जपून ठेवावा मात्र. पुढे खेळ कुठे कोसळला हे शोधायला त्याचा उपयोग होतो.

पाठवण्याच्या वाटेविषयी एक ओळ : जीमेल 'ईएक्सई' घेत नाही, झिपमध्ये लपवली तरी घेत नाही, आणि २५ मेगाबाइटपुढे काहीच जोडू देत नाही.

नावात काय आहे? पुष्कळ आहे

मराठी घरांत हे दुखणं जरा जास्तच. मुलं हौसेने फोल्डराला 'आजीचा खेळ' असं देवनागरीत नाव देतात. आम्हाला तर ते पाहून कौतुकच वाटतं. पण मोबाइलसाठी, म्हणजे अँड्रॉइडसाठी बिल्ड करायला जावं तर ज्या साधनांवर ही सॉफ्टवेअरं विसंबतात, ती विंडोजवर वाटेत रोमनबाहेरचं अक्षर दिसलं की इशारा देऊन अडून बसतात. वाट म्हणजे डिस्कपासून फाइलपर्यंतचा सगळा पत्ता. प्रकल्पाचं नाव साधं असेल, पण विंडोजचं खातं उघडताना बाबांनी स्वतःचं नाव देवनागरीत टाकलं असेल, तर 'युजर्स'च्या पोटातल्या प्रत्येक फाइलच्या पत्त्यात ते येतं. मुलाने बापडं सगळं बरोबर केलेलं असतं. खातं बदलायच्या भानगडीत पडू नये. डिस्कच्या अगदी मुळाशी, 'सी' किंवा 'डी'खाली, साध्या रोमन अक्षरांचा, मध्ये जागा न सोडलेला एक आखूड नावाचा फोल्डर करावा आणि प्रकल्प तिथे हलवावा. खेळाच्या आत, पडद्यावर, मराठी हवी तेवढी ठेवावी; पत्त्यात नको.

आखूड अशासाठी की विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे. २०१६ पासून ती उठवायची सोय आहे, पण प्रत्येक प्रोग्रॅमला तिचा पत्ता नसतो. 'डॉक्युमेंट्स'मध्ये 'नवीन फोल्डर', त्यात 'फायनल', त्यात 'फायनल खरंच', अशी उतरंड रचली की कुठल्या तरी खोलातल्या फाइलला हात पोचत नाही आणि बिल्ड म्हणतो फाइल सापडली नाही. ती समोर दिसत असते!

'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' यांबद्दल आणखी एक. विंडोजवर हे फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हच्या ताब्यात असतात. सॉफ्टवेअर हजारो फायली लिहीत असतं आणि त्याच क्षणी वनड्राइव्ह त्या वर ढगात न्यायला धावतं. दोघांची झोंबाझोंबी होते आणि 'परवानगी नाही' असा संदेश येतो. परवानगीचा हाच संदेश आदल्या वेळचा खेळ अजून चालू असेल तरीही येतो. खिडकी दिसत नसते, पण 'टास्क मॅनेजर' उघडलं की मागे तो बसलेला सापडतो. चालू असलेल्या 'ईएक्सई'वर नवी फाइल लिहू द्यायला विंडोज तयार नसतं. तेव्हा ॲडमिनिस्ट्रेटर होऊन बघा, अँटिव्हायरस बंद करा, असले उद्योग करण्याआधी एवढं पाहावं. अँटिव्हायरस सरसकट बंद करायला सांगणारे सल्ले आम्हाला मुळीच पसंत नाहीत. फार तर त्या एका फोल्डरापुरती सूट द्यावी.

रिकामी प्रश्नपेटी

आता येतो तो सर्वांत फसवा प्रकार. डबा नीट भरला, नीट पोचला, खेळ उघडलाही; पण आतून अर्धा रिकामा. एका मुलीने मराठी म्हणींचा खेळ केला होता. अर्धी म्हण पडद्यावर, उरलेली अर्धी ओळखायची. शंभरेक म्हणी तिने आजीशी फोनवर बोलून एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून काढल्या. तिच्या मशीनवर खेळ रंगायचा. बिल्ड केला की पाटी कोरी, म्हण एकही नाही. शंभर म्हणी गोळा करणाऱ्या पोरीला हे किती लागलं असेल ते सांगायला नको.

कारण असं : सॉफ्टवेअरच्या आत खेळ चालवून बघतो तेव्हा तो थेट स्वयंपाकघरात उभा असतो. 'ॲसेट्स'मधल्या अमुक फाइलीतून म्हणी वाच, असं कोडमध्ये लिहिलं तर फाइल तिथे असतेच. बिल्ड होताना मात्र सॉफ्टवेअर सगळा कच्चा माल जसाच्या तसा डब्यात भरत नाही. ज्या वस्तू देखाव्यांत वापरल्या आहेत असं त्याला दिसतं त्या घेतं, त्यांना आपल्या पद्धतीने आवळून बांधतं. डब्यात 'ॲसेट्स' नावाचा फोल्डरच नसतो. युनिटीत जी फाइल जशीच्या तशी जावी असं वाटतं ती 'स्ट्रीमिंग-ॲसेट्स' या ठरलेल्या नावाच्या फोल्डरात ठेवावी लागते आणि तिचा पत्ता कोडमध्ये हाताने न लिहिता सॉफ्टवेअरलाच विचारावा लागतो. गोडोत साध्या मजकुराच्या फायली आपोआप डब्यात जातच नाहीत. एक्स्पोर्टच्या खिडकीत, इतर फायली कुठल्या घ्यायच्या त्या जागी, त्यांचा प्रकार लिहावा लागतो. त्या म्हणींच्या बाबतीत तेवढीच एक ओळ कमी होती. ती लिहिली आणि शंभरही म्हणी जागेवर आल्या.

याच्याच उलट अनुभव गुणांचा. आउटपुट फोल्डर पुसला, नवा बिल्ड केला, तरी खेळात जुनेच गुण दिसतात म्हणून मुलं चक्रावतात. खेळ आपली आठवण डब्यात ठेवत नाही. विंडोजवर युनिटीच्या खेळांची फायलींत साठवलेली आठवण सहसा 'ॲपडेटा'मधल्या 'लोकललो' फोल्डरात, कंपनीच्या नावाखाली असते. मुलाने कंपनीचं नाव भरलं नसेल तर तिथे 'डिफॉल्टकंपनी' दिसेल. त्याच जागी खेळाची रोजनिशीही असते, 'प्लेयर-लॉग' नावाची. खेळ उघडून लगेच बंद पडत असेल तर कारण बहुतेक त्या रोजनिशीत लिहिलेलं असतं.

वेबवर मांडायचं तर

आमचं मत विचाराल तर नातेवाइकांसाठी खेळ ब्राउझरमध्ये चालेल असाच करावा. दुवा पाठवला की काम झालं. याला एक कारण तांत्रिक नाही. अनोळखी 'ईएक्सई' चालवू गेलं की विंडोज निळी पाटी लावून अडवतं, आणि मग नातू फोनवर सांगतो, "आजी, त्या वॉर्निंगकडे लक्ष नको देऊ, रन एनीवे दाब." तिकडे 'डिजिटल अरेस्ट'सारख्या प्रकारांत म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटली जात असताना, धोक्याच्या पाट्या ओलांडायची सवय आपणच त्यांना लावणं आम्हाला बरं वाटत नाही. उद्या दुसराच कुणी गोड आवाजात तेच सांगेल. मॅकवरही सही नसलेला प्रोग्रॅम असाच अडतो, तिथेही तीच गोष्ट.

पण वेबचा डबाही सरळ नाही. वेबसाठी बिल्ड केला की 'इंडेक्स' नावाची एचटीएमएल फाइल दिसते. तिच्यावर टिचकी मारली की ब्राउझर उघडतो आणि खेळ मात्र येत नाही. युनिटीच्या 'बिल्ड अँड रन'ने तोच खेळ चालतो! फरक असा की 'बिल्ड अँड रन' गुपचूप एक छोटा सर्व्हर उभा करतं. नुसत्या डिस्कवरून उघडलेल्या पानाला शेजारच्या फायली वाचायला ब्राउझर सुरक्षेसाठी मनाई करतो. म्हणजे बिल्ड बिघडलेला नसतो, फक्त तो कुठेतरी चढवायला हवा. मुलं बहुधा 'इच' या ठिकाणी चढवतात. तिथे झिप उघडल्या उघडल्या 'इंडेक्स' फाइल समोर हवी. फोल्डरात फोल्डर नको, आणि तिचं नाव बदललेलं नको. युनिटीचा खेळ स्वतःच्या जागेवर ठेवला आणि लोड होता होता अडकला, तर आवळलेल्या फायलींचा प्रश्न असतो. सर्व्हरने त्या आवळलेल्या आहेत असं सांगावं लागतं. ते जमत नसेल तर युनिटीच्या वेब-सेटिंगमध्ये 'डीकंप्रेशन फॉलबॅक'ची खूण करून पुन्हा बिल्ड करावा. गोडो ४ च्या पहिल्या आवृत्त्यांचे वेब-खेळ सर्व्हरकडून खास सवलती मागायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ४.३ पासून त्यांवाचून चालतं, तेव्हा जुनी आवृत्ती असेल तर बदलून घ्यावी.

मग लहान-मोठ्या लिपीची गंमत. रोमनमध्ये 'आई' या चित्राचं नाव फाइलवर मोठ्या 'ए'ने आणि कोडमध्ये लहान 'ए'ने लिहिलं तर विंडोज काणाडोळा करतं. वेबच्या सर्व्हरवर ती दोन वेगळी नावं, आणि आई हरवते.

आणि देवनागरीचे चौकोन. खेळ गोडोत बनवताना मराठी शब्द सुरेख दिसतात, वेबवर गेले की प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामी चौकट. गोडोच्या आपल्या अक्षरसंचात देवनागरी नाही. घरच्या मशीनवर ते विंडोजकडून उसनी घेतं. ब्राउझरमध्ये अशी उसनवारी चालत नाही. तेव्हा देवनागरीचा फाँट खेळातच घालून द्यावा. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेले 'मुक्ता' आणि 'बालू' हे फाँट गूगल फाँट्सवर मोफत मिळतात, त्यांचा परवाना खेळात घालायला मुभा देतो, आणि 'बालू' तर लहान मुलांच्या खेळाला फारच शोभतो. युनिटीच्या नेहमीच्या टेक्स्ट-मेश-प्रोत दुखणं निराळं : तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरं फुटतात. ते बिल्डच्या आधीच दिसतं, त्यामुळे निदान फसवणूक होत नाही. पण मराठी मजकूर भरपूर असलेला खेळ असेल तर आम्ही मुलांना सुरुवातीलाच गोडो ४ सुचवतो.

पाठवण्याआधी खेळ एकदा परक्या जागी चालवून बघावा. दुसरा लॅपटॉप असेल तर उत्तम. नसेल तर झिप दुसऱ्या फोल्डरात उघडून, प्रकल्पाच्या मूळ फोल्डराचं नाव तात्पुरतं बदलून. स्वयंपाकघराला कुलूप लावलं की डब्यात काय आहे ते कळतं. हे खासकरून बारावीच्या मुलांना सांगायचं आहे. आर.एम.आय.टी.सारख्या ठिकाणी गेम्सच्या शिक्षणासाठी स्वतःचं काम दाखवायची वेळ आली, तर तपासणाऱ्या माणसाला आपली सबब फोनवर सांगायची सोय नसते. आणि प्रकल्प गिटहबवर ठेवत असाल तर पहिल्या दिवसापासून 'लायब्ररी' आणि बिल्डचे फोल्डर वगळायची यादी करा. १०० मेगाबाइटहून मोठी एक जरी फाइल त्यात शिरली तरी गिटहब सगळंच परत पाठवतं, आणि ती मागाहून बाहेर काढणं हे भलतंच किचकट काम आहे.

इतकं करूनही अडलंच तर जरूर फोन करा. मात्र तीन गोष्टी हाताशी ठेवा : सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, आउटपुट फोल्डरचा पूर्ण पत्ता, आणि लाल अक्षरांतल्या तक्रारींपैकी सर्वांत पहिली. शेवटची नव्हे, पहिली. पुढच्या चाळीस ओळी बहुधा तिचीच पिलावळ असते. पडद्याचा फोटो मोबाइलने काढलेला चालेल, पण अक्षरं वाचता येतील असा काढा, नि खालची पट्टी कापू नका.